घराचं रीडिंग

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे मीटर वाचले.
कुत्र्यांना हाड हाड करत, जिन्याखाली वाकून,
कुणाच्या घरी नवा फ्रीज आला,
कुणाची पोरगी रात्री अभ्यासाला बसते,
कोण आकडा टाकून वीज घेते,
वहीतल्या युनिटवरून सांगता यायचं मला.

आज माझंच घर वाचायला
वर्ध्याहून मोपेडवर आली निकिता उईके.
तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडला,
ग्लासभर पाणी एका दमात प्याली,
म्हणाली, काका, दोन वाजू द्या.
दोनलाच खरं कळते.

वरचा मजला भाड्यानं द्यायचा आहे.
वच्छलाचे गुडघे गेले तशी आम्ही खाली उतरलो.
कृषी सहायक बाई येणार, रत्नागिरीकडची,
कडेवर सहा महिन्यांचं लेकरू.
फोनवर तिनं एकच विचारलं,
उन्हाळ्यात वर किती तापतं हो?
काही नाही, म्हणालो मी,
कूलर लावला की झालं.

फोन ठेवला आणि घरात कुणी नसताना
मला उगाच खाकरावं लागलं.

दोन वाजले.
पोरीच्या हातात बंदुकीसारखं यंत्र,
त्यातून निघणारा लाल ठिपका.
गच्चीवर एकसष्ट. खाली छताला सत्तेचाळीस.
पंखा बंद करून तिनं उदबत्ती पेटवली.
या घरात देवाशिवाय कुणासाठी लागलेली
ही पहिलीच उदबत्ती.
धूर सरळ वर जायचा सोडून
दाराच्या चौकटीकडे वळला,
जसा कुणी ओळखीचं दिसलं की वळतो.

मग माझ्याकडूनच दहाची नोट मागितली,
फ्रीजच्या दारात धरून दार लावलं,
नोट अलगद निघून आली.
रबर गेलं काका, ती म्हणाली.
म्हणजे बारा महिने मी
अख्ख्या खोलीला गार करायला बघत होतो
आणि बिल आलं की चिडायचो वच्छलावर,
सारखं काय उघडतेस म्हणून.

शेवटी स्वयंपाकघर.
पश्चिमेची भिंत, खिडकी नाही.
तिथे मीच खिडकी ठेवू दिली नव्हती,
गवंडी म्हणाला होता, एवढे पैसे वाचतील.
ठिपका भिंतीवर फिरला, थांबला.
बावन्न.
पोरीनं पुन्हा मोजलं.
बावन्नच.

वच्छला कधी वर आली कळलं नाही,
एकेक पायरी, कठड्याला धरून.
दारात उभी राहून तिनं तो आकडा पाहिला,
चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा पाहिला.
बरोबर हाय, म्हणाली.
म्या सांगत होती तवा आकडा नव्हता.

बावीस वर्षं. दोन वेळच्या भाकऱ्या.
मी गावभर युनिट टिपत फिरत होतो,
आणि त्या भिंतीचं रीडिंग
कुठल्याच मीटरवर पडत नव्हतं.

निकितानं कागदावर लिहून दिलं:
गच्चीला चुन्याचा पांढरा लेप,
पश्चिमेला ताटव्याची सावली,
भिंत फोडून दीड फुटाची का होईना, खिडकी.
सहाशे रुपये घेतले,
वरचे पन्नास घेतले नाहीत.
मे महिन्यात परत येते म्हणाली, फरक बघायला.

संध्याकाळी मी रत्नागिरीला फोन लावला.
एकसष्ट सांगितलं. सत्तेचाळीस सांगितलं.
बावन्न सांगताना थोडा थांबलो.
पलीकडे लेकरू रडत होतं, बाई काही बोलेना.
मग म्हणाली, आणि चुना मारल्यावर?
मोजून सांगतो, म्हणालो.
अंदाजानं नाही सांगत आता.

सकाळी चुना भिजवला, त्यात डिंक घातला,
ब्रश घेऊन गच्चीवर निघालो
तर खालून आवाज आला वच्छलाचा.
तिला तिथे आता रांधायचं नाही, कधीच नाही,
तरी म्हणाली,

पयले स्वयंपाकघरावर मारा.