टाकीवरचा माणूस

एकतीस वर्षं ह्यांनी गावाला पाणी सोडलं.
पहाटे साडेपाचला टोकाचा बौद्धपुरा,
मग तेलीपुरा, मग बाजारओळ.
शेवटच्या नळाच्या तोंडाशी कान लावून बसत,
आधी नुसती हवा, फुसफुस,
मग "आलं," म्हणत
अन् सायकलवर टांग टाकत.
कुणाच्या घरी किती गुंड लागतात
हे त्यांना रेशनवाल्यापेक्षा जास्त ठाऊक.

ती लोखंडी चावी आता दाराआड खिळ्याला.
तिच्याच खाली माठ,
माठावर गडवा,
गडव्यावर दुपारपर्यंत धूळ.

"तहानच नाही लागत वो मले."
खरंही असेल.
दात गेले, एका बाजूचा कान गेला,
तशी तहानही निघून गेली असेल, न सांगता.
गरज मात्र गेली नाही.
ती बसून आहे आत,
मुक्या पाहुणीसारखी.

नवतपाच्या चौथ्या दिवशी
त्यांनी मला वच्छला म्हणून हाक मारली.
वच्छला त्यांची बहीण, जाऊन अठरा वर्षं झाली.
मग कूलरला म्हणाले, "या, बसा."
मी आधी हसले.
जीभ पाहिली, उन्हाळ्यातल्या काळ्या वावरासारखी,
मग नाही हसले.
टिकारामच्या ऑटोत घालून समुद्रपूर गाठलं.
सलाईनच्या नळीकडे टक लावून
ह्यांचं पहिलं शुद्धीतलं वाक्य:
"प्रेशर कमी हाय. उंच टांगा."

डॉक्टरीण आमच्या नातीएवढी.
म्हणाली, "आजोबा, तहानेची वाट पाहू नका,
ती आता वेळेवर येणार नाही."
आणि तिनंच विचारलं,
रात्री किती वेळा उठता?

तेव्हा कुठे निघालं.
संडास अंगणापलीकडे, मधे कडुनिंबाची मुळं.
पोळ्याच्या रात्री तिथेच आपटले होते.
तेव्हापासून चारनंतर घोट नाही.
गावाचा व्हॉल्व्ह हातातून सुटला,
स्वतःचा मात्र घट्ट आवळून बसले होते.

नातवानं वायर ओढून बल्ब लावला.
दारापासून संडासापर्यंत
गोठ्यातली नायलॉनची दोरी.
ह्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर वेळा लिहिल्या,
सहाला गडवा, नवाला मठ्ठा,
दुपारी पन्हं, गूळ कमी,
आणि पोटावर हात फिरवत म्हणाले,
"गाव लहान हाय, पन टोकाले पानी पोचत नव्हतं."

मी पहाऱ्यावर.
एका दुपारी गडवा पुढे केला, तर घेतला नाही.
"अन् तू? सकाळपासून?"
मी आठवू लागले.
चहा. तोही अर्धा.

मी तर निंदणात शिकले होते,
धुऱ्यावर आडोसा नसतो,
म्हणून उजेड असेतो प्यायचं नाही.
डोकं दुखलं तर पदर घट्ट बांधायचा.
पन्नास वर्षांत हे कुणी विचारलं नाही.
मीसुद्धा नाही.

ते उठले. पेन सापडेना,
मग कोळशानंच
कॅलेंडरवर माझं नाव लिहिलं, थरथरतं, पार्बता,
लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच.
"हे तुयी लाइन," म्हणाले.

आता रात्री दोनला बल्ब लागतो.
दोरी ताणल्याचा आवाज,
टिनाचं दार,
मग बराच वेळ काहीच नाही.
मी अंथरुणात कान लावून पडलेली.
आलं.

मग मी उठते.
ते उंबऱ्यावर थांबलेले,
"दोरी सोडू नको."