तेल आणि चिंधी

देसूरच्या आमच्या गल्लीत
एक फाटक सोडलं तर एकही बिजागरी करकरत नाही.
ते काम माझं. कुणी सांगितलेलं नाही.
पेन्शनीत आल्यापासून रोज सकाळी
खिशात चिंधी, हातात तेलाची बाटली.
लोकांच्या सायकलींच्या चेना,
गिरणीवाल्या सातेरीच्या शटरचं कुलूप,
एकदा तर उभ्या टेम्पोचं दार.

"सुभेदार, लढाई बघितलासा काय?" पोरं विचारतात.
मी हवालदारच राहिलो. बढती गावानं दिली, राहू दे.

बघितली की.
दोन वर्षं चार महिने, एका बेटावर,
जे नकाशात माशी बसून गेल्यासारखं दिसतं.
शत्रू समोरच्या पाण्यातून यायचा होता.
आला नाही.
आला तो गंज.

रात्री पुसून ठेवलेली बंदूक पहाटे तांबूस.
बक्कल, ब्लेड, डब्यांची झाकणं,
आईनं दिलेल्या ताइताची तारसुद्धा.
तेल, चिंधी, पुन्हा तेल.
हवा अशी, की चाटली तर खारट.
आणि खेकडे, नारळाएवढे.
एकानं माझा डावा बूट ओढत झाडीत नेला.
साहेबांपुढं उभा राहिलो.
बूट कुठं? खेकड्यानं नेला, साहेब.
सात रात्री जादा पहारा.

अडिवेप्पा बैलहोंगलचा.
त्याच्या माझ्या घरात दोन बसचं अंतर
आणि आमच्या जन्माआधीचं एक भांडण.
कुठला म्हणून विचारलं की
मी म्हणायचो बेळगाव, तो म्हणायचा बेळगावी.
त्या एका वेलांटीपायी
सहा महिने आम्ही एकमेकांना
फक्त पासवर्ड बोललो.

मग जहाज आलं, एक्केचाळीस दिवसांनी.
कांदे सडलेले, पत्रांची शाई पसरलेली,
आणि बायकोनं धाडलेला कुंदा,
वर हिरवी लव, कोवळ्या मिसरुडासारखी.
टाकायला निघालो होतो.
अडिवेप्पानं डबा हातातून घेतला,
चमच्यानं लव खरवडली,
खाल्ला.
"नम्मूरिंदु," म्हणाला. आपल्या गावचा.
एवढं कन्नड मला येत होतं.
उरलेला अर्धा त्यानं माझ्यापुढं सरकवला.

त्यानंतर पहाऱ्यावर झोप आली की आम्ही बस चालवायचो.
तो तिकडून: संपगाव, हिरेबागेवाडी, बस्तवाड.
मी इकडून: मच्छे, पिरनवाडी, उद्यमबाग.
स्टँडवर दोघं उतरायचो. चहा सांगायचो.
चहा कधी आला नाही,
तोवर पहारा बदलायचा.

त्याला हिवताप चढला त्या रात्री
स्टँड ओलांडून मी एकटाच बस घेऊन गेलो,
त्याचे थांबे उलटे म्हणत,
बस्तवाड, हिरेबागेवाडी, संपगाव,
पार त्याच्या दारापर्यंत.
तो थरथरत होता. त्याला माहीत नाही.
मीही सांगितलेलं नाही.

परवा यायचा होता.
बस बंद. कुणी तरी पाट्यांना डांबर फासलंय,
कुणाच्या, कुठल्या, ते विचारलं नाही.
फोन केला.
"आवाज कसा?"
"पाचात पाच."
"कुंदा घेतला होतास?"
"नातवानं खाल्ला."
मग नुसती खरखर.
दोघांनीही फोन ठेवला नाही.
ती खरखर आमच्या ओळखीची आहे.
"ओव्हर," शेवटी तो म्हणाला, आणि हसला,
आणि खोकला.

फाटक राहिलंय ते आमचंच.
बायको म्हणते, त्याला हात लावायचा नाही,
कोण आलं ते कळाय नको काय?
बरोबर आहे तिचं.
रोज सकाळी वरच्या बिजागरीपाशी उभा राहतो.
तांबूस भुकटी बोटाला लागते.
बाटलीचं टोपण उघडतो.
पुन्हा लावतो.