पुरवणी प्रश्न

पहिल्या दिवशी म्मे माखोत्सोंनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
रॉकेलच्या शेगडीवर हात शेकत विचारलं,
सभागृहात आत गेलंय कुणी?
बावीसजणांत तीन हात वर.
त्यातला एक चहा घेऊन गेलेला.

मासेरूचा ऑगस्ट.
डोंगरावरचा बर्फाळ वारा खिडकीच्या फटीतून येऊन
आमच्यासारखाच मागच्या रांगेत बसलेला.
ब्लँकेटं पांघरून पशुधन, रस्ते, टपाल,
आणि मी, पाणी.

एकतीस वर्षं त्या सभागृहाच्या टेबलाशी बसल्या होत्या म्मे,
नोंदी करत, चकार शब्द न काढता.
"बोलणारे निवडून येतात," म्हणाल्या,
"आपण नेमले जातो.
म्हणून आपली जागा मागे, अधिकाऱ्यांच्या दीर्घेत.
तिथून मंत्र्याच्या मानेवरचा घाम दिसतो,
चेहरा दिसत नाही.
घाम दिसला की चिठ्ठी पाठवायची.
छोटी. उभ्या माणसाला ओळ शोधायला सवड नसते.
आणि खरी.
खोटी चिठ्ठी तो वाचतो, पण ती बोलता तुम्ही."

दुपारी शिकलो
तहकूब आणि संस्थगित यांतलं अंतर,
सभागृहाने हो म्हटल्याशिवाय तिजोरीतला दमडाही का हलत नाही,
विधेयक तीनदा का वाचतात.
"पहिल्या दोनदा कुणी ऐकत नाही म्हणून,"
रस्तेवाला लेबाका पुटपुटला.
म्मे हसल्या नाहीत.
खोडूनही काढलं नाही त्यांनी.

मला माझा आजोबा आठवला. तो सांगायचा,
पित्सोला सगळं गाव कुरणात जमायचं,
ज्याला बोलायचं तो बोलायचा,
सरदार सर्वांत शेवटी.
तोवर त्याने नुसतं ऐकायचं,
हेच त्याचं काम.

तिसऱ्या दिवशी लुटुपुटूचं अधिवेशन.
टोपीतून चिठ्ठ्या उचलल्या.
लेबाका मंत्री, टपालातला सेखोनी त्याचा अधिकारी,
मी विरोधी बाकावरची, मोखोत्लोंगची सदस्य.
म्मे सभापतींच्या खुर्चीत, गुडघ्यांवर ब्लँकेट.
मागच्या वर्षीचा खराखुरा प्रश्न, नावं खोडलेला:
हा-लेकोआ गावाच्या नळाला किती महिने पाणी नाही?

लेबाका उठला, घसा साफ करून वाचू लागला:
"सदर योजना प्रगतिपथावर असून,
उर्वरित बाब विचाराधीन आहे."

असून, नंतरचा तो स्वल्पविराम
मी ओळखला.
शुक्रवार होता. चारची टॅक्सी गाठायची होती.

पुरवणी प्रश्न विचारायचा हक्क माझा.
उभी राहिले. कागदावर काहीच नव्हतं.
"अध्यक्ष महोदया,
विचार नेमकं कोण करतंय?"

सगळे हसले. हसायचंच होतं.
लेबाकाने मान वळवून मागे पाहिलं.
सेखोनीने खिसे चाचपले, फाईल उलटी धरली,
मग माझ्याकडे पाहिलं,
जणू चिठ्ठी माझ्याकडूनच यायला हवी होती.

"उत्तर?" सभापतींनी विचारलं.
शेगडी फुसफुसत राहिली.
"नोंद घ्या," म्मे म्हणाल्या,
"सभागृहाने वाट पाहिली."

संध्याकाळी कार्यालयाची किल्ली मागून घेतली.
फोनवर माझ्या मावशीचा आवाज, मधूनच वारा.
पंप जळालाय गं, म्हणाली, पेरणीच्या आधीच.
आम्ही ओढ्यावर जातो. ओढा गोठलाय,
बर्फ फोडायला दगड ठेवलाय एक.

तळहाताएवढ्या कागदावर लिहिलं:
अकरा महिने.
पंप जळाला आहे.
सुटा भाग आम्ही मागवलेलाच नाही.

सकाळी म्मेंच्या हातात दिली.
चष्मा कपाळावरून खाली आला,
त्यांनी दोनदा वाचली.
पेन्सिलीने 'अकरा'भोवती गोल काढून
परत दिली.
"पेरणीच्या आधी म्हणजे
अकरा की बारा?
मोजून आण."