रकाना नऊ

पान एक ते चारशे बारा, आकडे माझ्या हातचे.
उजवा वरचा कोपरा, निळी शाई.
मी वकिलांचा कारकून. मला पाणी कळत नाही,
मला पानं कळतात.

पान सदतीस : मंडळाचं संमतीपत्र.
त्यात रकाना नऊ, जवळचा जलस्रोत,
आणि पुढे टंकलेलं : निरंक.

मी ते तीनदा वाचलं,
कारण पान अडतीसवर गावचा नकाशा आहे
आणि कारखान्याच्या कुंपणाला अंग घासत
एक ओहळ जातो, त्याच्यावर मानशीचं दार,
पुढे खाजन, पुढे कुलासोंची बांय.

सांडपाण्याचा नमुना घेतला पंधरा जुलैला.
भर पुरात.
पुरात मीठसुद्धा मर्यादेच्या आत असतं.

अर्जदार क्रमांक एक, धुळो वेळीप,
तिसऱ्या वर्षी गेला. नावावर लाल रेघ,
बाजूला 'मयत', खाली वारस : मुलगा एक, मुली दोन.
मुलगा त्याच कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो.
वकीलपत्रावर सही करताना त्याने पेन दोनदा झटकलं.
पेन चालत होतं.

अर्जदार क्रमांक दोन, पिएदाद कुलासो, वय एकाहत्तर.
केप्याहून पहिली बस, मडगावला बदल, पणजीला बदल,
पर्वरीला दहाच्या आत.
पिशवीत दोन पाव, छत्री,
आणि फेणीच्या जुन्या बाटलीत बांयचं पाणी,
बुचावर मेणबत्तीचं मेण.
मी म्हटलं, पिएदादमाय, असं दाखवता येत नाही,
पुरावा प्रयोगशाळेतून यावा लागतो.
ती म्हणाली, मी पण तिथूनच आले.

फाटकावरचा शिपाई नवा, सत्तरीकडचा पोरगा.
नियमाप्रमाणे म्हणाला,
पाणी आहे ना? एक घोट पिऊन दाखवा.

तिने नखाने मेण कोरलं. बूच काढलं.
मी थांबा म्हणायला हवं होतं.
नाही म्हटलं. पाहत राहिलो.
चार वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं,
ना मंडळाने, ना तज्ज्ञांच्या समितीने,
ना आम्ही, आमच्याच चारशे बारा पानांत.

बाटली तिने पोरासमोर धरली.
"तूंच पी रे पुता."

त्याने वास घेतला.
मग बाटली टेबलाखाली ठेवली,
लायटर, तंबाखूच्या पुड्या, कुणाचा तरी सोललेला नारळ,
त्यांच्या शेजारी.
टोकन दिलं : तेवीस.

आत अकरा मिनिटं.
कारखान्याचे वकील मर्यादेबद्दल बोलले,
मंडळाचे वकील टंकलेखनातल्या चुकीबद्दल.
न्यायमूर्तींनी पान सदतीस काढलं, मग अडतीस,
मग पुन्हा सदतीस. चष्मा खाली ठेवला.
पिवळी चिठ्ठी मी बरोबर जागी लावली होती.
माझा युक्तिवाद तेवढाच.

संमती रद्द.
मंडळाने सहा आठवड्यांत फेरविचार करावा.
गावात रात्री फटाके वाजले म्हणे.
धुळोच्या मुलाला दुसऱ्या दिवसापासून
बिनपगारी घरी बसवलं.
बापाच्या शेतात तो उतरला नाही,
तिथे काय उगवतं ते त्याला माहीत होतं.

एक्केचाळिसाव्या दिवशी नवं संमतीपत्र आलं.
कागद चांगला, जाड.
रकाना नऊ या वेळी भरलेला :
विहीर एक.
वापरात नाही.

साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, खोटं नाहीये हे.

मी नवी फाईल काढली.
दुपारी पिएदादमायचा फोन :
तारीख कधीची, बस तीच ना,
आणि ती बाटली परत मिळाली का?
जुनी आहे, नवऱ्याची. आता तसली काच मिळत नाही.

टोकन माझ्या ड्रॉवरमध्येच होतं.
बघतो, म्हटलं,
आणि आकड्यांचा शिक्का फिरवत
एकवर आणला.