विलंब: चार सेकंद

फॉर्मवर पहिलाच प्रश्न असतो:
घराकडून आपल्या अपेक्षा?
मी यार्क्को. औलू शहरात लोकांची घरं हुशार करून देतो.
व्हॅनमध्ये ड्रिल, सेन्सरचे खोके, थर्मासात कॉफी,
बाहेर नोव्हेंबर. दुपारी तीनलाच मिट्ट.

यूसोला हवं असतं, ऑफिसातून निघताना
फोनवर बोट टेकवावं अन् घरी पोचेस्तोवर
सॉना ऐंशीवर तापलेला असावा.
त्याच्या बायकोला हवं असतं
यूसो खरंच ऑफिसातूनच निघाला का, ते.
दोन्ही अपेक्षा एकाच वायरवर बसतात.
मी काही बोलत नाही.

एका दंतवैद्याकडे दूध संपल्याचं फ्रिज सांगतो.
आणायचं कुणी, यावरून भांडण होतंच,
फक्त आता वेळेवर होतं.

वेळ वाचावा, हे तर सगळेच लिहितात.
वायर ओढायला मला कपाटंसुद्धा उघडावी लागतात,
पण वाचलेला वेळ लोक कुठे ठेवतात
ते अजून दिसलेलं नाही.

तुइरात, तिसऱ्या मजल्यावर, औलिक्कीबाई. वय एकोणऐंशी.
पैसे मुलीने भरले, तांपेरेहून,
अपेक्षाही तिनेच भरल्या:
आई पडली तर कळावं. शेगडी राहिली तर विझावी.
रात्री उठली तर पावलांपुढे उजेड.

बाईंनी मला वेलदोड्याचा पाव दिला,
मग भिंतीकडे वळून म्हणाल्या, दिवा.
बोली काइनूची, स्वर ऐसपैस.
भिंतीला कळते राजधानीची भाषा.
तीनदा हाक गेली ती गेलीच.
मग मी शिकवलं, बाईंना नव्हे, भिंतीला,
आणि दिवा लागला
शब्द तोंडातून पुरता सुटायच्या आत.

बाई दचकल्या.
"इतक्या लगेच नको रे."
"म्हणजे?"
"ओइवा आधी म्हणायचा, हो हो.
मग पेपरची घडी. मग गुडघा वाजायचा.
मग दिवा."

फॉर्ममध्ये असा रकाना नाही.
पण जिन्यातल्या दिव्यांसाठी म्हणून
मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत एक सोय असते: विलंब.
एक सेकंद ठेवून पाहिला.
"छे, लग्नाच्या वर्षीसुद्धा नाही."
सात.
"एवढाही आळशी नव्हता."
चारवर त्या गप्प झाल्या.
मान जराशी कलती करून उभ्या,
शेजारच्या खोलीत कुणी खुर्ची मागे सारतंय
असं ऐकत,
आणि उजेड आला.

"हं," म्हणाल्या. एवढंच.
उरलेला पाव कागदात बांधून दिला.

जानेवारीत तांपेरेहून तक्रार:
आईकडचा दिवा उशिरा लागतो.
मी उत्तर लिहिलं, दोष आढळला नाही.
पुन्हा वाचलं, आणि पाठवलं.

माझ्या घरी बटणं साधीच आहेत.
रात्री दार उघडतो, बूट काढतो,
ओल्या मोज्यांनी थंड फरशीवर
एका पायावर दुसरा पाय ठेवून
काळोखात चारपर्यंत मोजतो.
का, ते विचारू नका.
मग हात लांब करून
स्वतःच दिवा लावतो.