आतून छप्पर धरताना

डिलॉयनं खडूनं रेघ मारली
खिडक्यांच्या बुडाशी, सगळ्या गाडीभोवती,
आणि मला म्हणाला, तू आत बस. धर.
मी अकरा वर्षांची. वेंडोव्हरचं ते अंगण,
वारा मिठाचा, दातांत किरकिरणारा,
आणि आमची चौतीस सालची फोर्ड,
दोन दारांची, काचा काढलेली.

त्याआधी एचेवेरी येऊन गेला होता,
नाक्यावरचा गॅरेजवाला, बास्क मेंढपाळाचा पोर.
म्हणाला, छप्पर नुसतं ऊन अडवत नाही रे,
ते दारांना धरून असतं.
आधी दारं बांध, मग काप.
नाहीतर मधोमध खचेल गाडी म्हाताऱ्या घोडीसारखी
आणि एकदा उघडलेलं दार
पुन्हा लागायचं नाही.
मग दोघांनी आडव्या लोखंडी पट्ट्या वेल्ड केल्या
या खांबापासून त्या खांबापर्यंत.
मी त्यांच्याखालून सरपटत आत गेले.

बाबा पायरीवर होते.
पोटॅशच्या कारखान्यातून आलेले, बूट पांढरे.
गाडी त्यांनीच दिली होती,
'ने' एवढंच म्हणून.
करवत सुरू झाली तसे ते उठून मागे गेले
आणि केव्हाच वाळलेले कपडे
दोरीवरून काढून
पुन्हा वाळत घालत बसले.

मी वर बघत होते.
आतलं कापड पाठ होतं मला.
मागच्या सीटवर उताणं पडून
एल्कोपासून घरापर्यंत मोजलेले टाके,
एकशे बेचाळीस. आणि एक भोक,
बाबांच्या सिगरेटचं. आई त्याबद्दल
आमच्यासमोर कधी बोलली नाही.
आता कापड फाटलं तर वर कापूस,
कापसावर जाळी, कोंबड्यांना घालतात तसली,
आणि त्यावर डांबर फासलेलं जाड कापड.
एवढंच.
एवढ्यावर विसंबून आम्ही इतकी वर्षं
गारांतून घरी येत होतो.

शेवटचा खांब तुटला.
अर्धं वजन एचेवेरीच्या खांद्यावर,
अर्धं माझ्या तळव्यांवर. वाटलं होतं त्याहून हलकं.
डिलॉय ओरडला, सोड!
मी सोडलं नाही. दोन श्वास, फार तर तीन.
मग त्यांनी ते उचललं
आणि एकदम एवढं आभाळ आलं
की मी मान खाली घातली,
कपडे बदलताना कुणी दार उघडावं तशी.

त्या ऑगस्टात त्यानं ती मिठावर पळवली.
मडगार्ड काढलेले, इंजिन उघडं,
धुराच्या नळ्या बाहेर, सीट म्हणजे एक फळी.
ताशी एकशे अठरा मैल.
हे त्यानं मला तीनदा सांगितलं.
भुवया मिठानं पांढऱ्या झालेल्या,
थेट बाबांसारखा दिसत होता.
ते मी त्याला सांगितलं नाही.

पुढच्या वसंतात गाडी विकली,
रीनोच्या कुणा माणसाला, अंगठी घ्यायची म्हणून.
अंगठीही नंतर परत आली. तो विषय निराळा.

छप्पर मात्र कुणी नेलं नाही.
आईनं रेल्वेचे चार जुने स्लीपर उभे पुरून घेतले,
त्यांवर ते चढवलं आणि खाली कोंबड्या सोडल्या.
एचेवेरी हसला, म्हणाला,
बघा, जाळी आपल्या घरी आली.
डांबराचं कापड विरत गेलं
तसं त्या भोकातून ऊन यायला लागलं,
वाटाण्याएवढं. सकाळी ते कोंबड्यांवर असायचं,
दुपारी अंडी गोळा करणाऱ्या आईच्या पाठीवर.
बाबा पायरीवरून ओरडायचे,
आर्व्हिला, तुला भोक पडलंय!
आणि ती अंडी पदरी नसल्यामुळे एप्रनमध्ये धरून
सरळ होताना
एक तळवा वर टेकवायची छपराला.
स्लीपर हातभर खोल होते. ते कुठं जाणार नव्हतं.
तरी.