उभी पेटी

मोतीबागेतल्या हार्वेबाईंनी ती आणली
भाजीच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळून.
रिक्षातून उतरतानाच म्हणाल्या,
"विकायची नाही. फक्त वाजली पाहिजे."

षटकोनी डबा. दोन्ही अंगांना हाडाची बटणं,
मधे चामड्याचा भाता,
त्याच्या घडीघडीवर उंदरांनी हिशेब मांडलेला.
चाळीस वर्षं मी इतवारीत पेट्या दुरुस्त करतो,
पालिताण्याचा सूर डोळे मिटून ओळखतो.
हिच्यासमोर मात्र आधी चष्मा पुसला.

बटण तेच. भाता दाबला तर सा,
ओढला तर रे.
आपल्या पेटीत असं नसतं बाप्पा.
तिथे सा म्हणजे सा,
भाता फुगो की मिटो, तो आपल्या जागी,
गादीवर शेठ बसतो तसा.
ही श्वास घेताना एक बोलते
आणि सोडताना दुसरंच.
आमची थोरली वहिनी अशी होती.
तिच्याशी कधी कुणाचं वाकडं आलं नाही,
हेही लिहून ठेवतो.

कातडं मेंढीचं लागलं.
कोपऱ्यांना तांडापेठेतून आणलेला
करवतकाठी लुगड्याचा उरलेला काठ.
सरस वाळेस्तोवर दोन दिवस
तेलाच्या डब्याखाली दाबून ठेवली.
एक सूर तरी मुकाच.
उघडून पाहिलं, तर पितळी जिभेखाली
पतंगाचा एक पंख.
फुंकर मारली.

त्या संध्याकाळी जंगलू पराते आला,
खडी गंमतीचा पेटीवाला.
खडी गंमत म्हणजे सगळे खडे :
शाहीर उभा, नाच्या उभा,
कंबरेला ढोलकी बांधून ढोलकीवाला उभा,
आणि हा एकटा पस्तीस वर्षं मांडी घालून.
"लोकायचे पायच पाह्यले म्या," म्हणायचा,
"तोंडं नाई."

त्याने ती उचलली. गणाची चाल काढू गेला,
ओढीत एक सूर आडवा आला,
मग दाबात दुसरा.
वैतागला, शिवी दिली, पुन्हा धरली.
हळूहळू खांदे हलू लागले,
मग कंबर,
आणि मी पाहिलं, तो स्टुलावरून केव्हाच उठला होता.

हार्वेबाई दारातच थांबल्या होत्या.
"डॅडी असंच वाजवायचे.
रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मागे.
सहा फायरमन नाचायचे,
नडगीला घुंगरं, हातात रुमाल,
कधी दांडके, एकमेकांच्या दांडक्यावर ठोकत."
"रुमाल त आमचा नाच्याबी फिरवते," जंगलू म्हणाला.
"मे महिन्यात, पहिल्या तारखेला."
"मे महिन्यात? नागपुरात?"
"पहाटे पाचला. सातला ड्यूटी असायची."

हा नाच विलायतेचा, असं त्यांना कुणी सांगितलं होतं.
विलायत कुणीच पाहिली नव्हती.
डॅडींनीही नाही. त्यांचा जन्म डोंगरगडचा.
ज्याच्याकडून ते शिकले, तो म्हणे बिलासपूरला वारला,
आणि त्याला कुणी शिकवलं
हे विचारायचं राहून गेलं.
चाली उरल्या. तीन पूर्ण, एक अर्धी.

बाईंनी एका रात्रीसाठी ती जंगलूला दिली.
कामठीजवळच्या गावात गंमत होती.
सकाळी परत आणून त्याने ठेवली, हळू,
झोपलेलं पोर ठेवावं तशी.
"काऊन रे?"
"सूर झ्याक हाये. पण उभं राह्यलं
का लोकं डोयात पाह्यतात.
एक म्हातारी पाहून रायली होती सारखी,
मी चालच इसरलो."

बिल मी केलं : कातडं, सरस, दोन दिवसांची मजुरी.
काठाचे पैसे लावले नाहीत.
अर्धी चाल बाईंनी गुणगुणून दाखवली,
पुढची मला सुचली, पण बोललो नाही.

आज दुकान उघडतो तोच जंगलू हजर.
पेटी मागायला नव्हता आला.
इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं,
"ते फायरमन घुंगरं बांधत,
तवा मोजे घालत का उघड्या पायावर?"